तार पुसली म्हणून फोटो बाद झाला

वाचकाचं पत्र

‘आमच्या शहरातल्या फोटोग्राफी क्लबचा मी दीड वर्षापासून सभासद आहे. दर महिन्याला स्पर्धा असते, कधी प्रिंटची तर कधी प्रोजेक्टरवरची. मी नेमाने भाग घेतो, पण नंबर सोडाच, पहिल्या दहातही येत नाही. खंड्याचा एक फोटो निसर्ग विभागात दिला होता. मागे विजेची तार येत होती, ती सॉफ्टवेअरमध्ये पुसली. क्लबने मूळ फाइल मागितली आणि फोटो बाद केला. वारीचा प्रिंट दिला तर “काळवंडलाय, शिवाय गर्दी फार” म्हणून १५ पैकी ७ गुण. घरी स्क्रीनवर तोच फोटो लख्ख दिसत होता. जेजुरीच्या फोटोत पडद्यावर भंडारा म्हणजे नुसता पिवळा डाग दिसला. माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, त्यासोबत आलेली लेन्स आणि एक ७०-३०० मिमीची लेन्स आहे. आता लांब पल्ल्याची मोठी लेन्स घ्यावी का? आणि परीक्षकांना नेमकं काय आवडतं, हे कसं ओळखायचं?’
– एक वाचक, सांगली

लेन्स आत्ता घेऊ नका. तुमच्या तिन्ही फोटोंपैकी एकाचंही नुकसान लेन्समुळे झालेलं नाही. पहिला नियमात अडकला, दुसरा छपाईत गेला आणि तिसरा रंगांच्या चॅनेलमध्ये. फोटो काढून झाल्यावर आणि प्रवेशिका देण्याआधी घरी जे काम होतं, तिथे तुमचे गुण जातायत. नव्या सभासदांपैकी बहुतेकांचे तिथेच जातात. ते काम शिकायला वेळ लागतो, पण पैसे फारसे लागत नाहीत.

आधी खंड्या. निसर्ग विभागाची व्याख्या बरेच क्लब फियाप या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांवरून घेतात. तिचा गाभा असा, की जे समोर होतं तेच फोटोत दिसलं पाहिजे आणि माणसाने बनवलेली वस्तू चौकटीत नको. गव्हाणी घुबड पडक्या वाड्यात राहतं तसं, म्हणजे ती वस्तूच त्या प्राण्याच्या जगण्याचा भाग असेल, तेवढा अपवाद. त्यामुळे तुमची दोन्हीकडून कोंडी होती. तार ठेवली असती तर गुण गेले असते, पुसली तर फोटोच गेला. हा फोटो मुळात निसर्ग विभागाचा नव्हता. खुल्या रंगीत विभागात दिला असता तर तार पुसलेली चालली असती. पक्षी दिसला की निसर्ग विभाग, हे समीकरण डोक्यातून काढा. विभाग ठरवताना आधी चौकटीचे कोपरे आणि मागचा भाग बघा, पक्षी नंतर.

निसर्ग विभागात काय चालतं ते पक्कं करून ठेवा. क्रॉप चालतो. उजेड, कॉन्ट्रास्ट, व्हाइट बॅलन्स दुरुस्त करणं, शार्पनिंग, नॉइज म्हणजे दाणेदारपणा कमी करणं, सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके काढणं, सगळा फोटो कृष्णधवल करणं, हेही चालतं. आडवी आलेली काडी पुसणं, पक्षी थोडा सरकवणं, आभाळ बदलणं, मागचा भाग सॉफ्टवेअरने धूसर करणं, नको असलेली गोष्ट दिसू नये म्हणून तो भाग काळा करणं, यातलं काहीच चालत नाही. कडा गडद करणारी व्हिन्येटही चालत नाही, आणि ती कित्येकजण सवयीने टाकतात. बागेत लावलेली जास्वंद, पाळलेली बदकं, रस्त्यावरचं कुत्रं हे ‘निसर्ग’ नाही. प्राणिसंग्रहालयातला वाघ काही ठिकाणी ‘निसर्ग’मध्ये चालतो, ‘वन्यजीव’मध्ये नाही. घरट्यातल्या पिल्लांचे फोटो आपल्याकडच्या अनेक स्पर्धा घेत नाहीत आणि ते योग्यच आहे. माणूस जवळ गेला की आईबाप घरट्यापासून लांब राहतात, पिल्लं उपाशी राहतात आणि कावळ्यांना पत्ता लागतो. कोणत्याही गुणांसाठी ते करू नये.

मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न झालेली फाइल मागतात, याचा राग धरू नका. ती मागितल्याशिवाय परीक्षकांना खात्री करता येत नाही. जे फोटो स्पर्धेला जातात त्यांच्या रॉ फाइल्स आणि त्यांच्या आधीच्या-नंतरच्या दोन-दोन फ्रेम्स वेगळ्या फोल्डरमध्ये, दोन डिस्कवर ठेवा. कार्ड रिकामं करण्याच्या घाईत रॉ उडवली आणि फक्त जेपेग उरला, तर प्रामाणिक फोटोही सिद्ध करता येत नाही.

तार टाळायची ती फोटो काढतानाच. खंड्या ठरावीक बैठकीवर पुन्हापुन्हा येऊन बसतो. तो सूर मारून गेला की लगेच बैठकीकडे लेन्स रोखून मागचा भाग तपासा. ३०० मिमीवर तुम्ही एक पाऊल डावीकडे सरकलात किंवा गुडघ्यावर बसलात तरी मागची तार चौकटीतून बाहेर जाते किंवा पानांच्या मागे लपते. पार्श्वभूमी आधी निवडायची आणि पक्ष्याची वाट बघायची. कृष्णेच्या काठाने मळीच्या रानाची गर्द हिरवी पार्श्वभूमी सकाळी सावलीत असते, ती वापरा. बसलेल्या पक्ष्यालाही १/१००० सेकंद शटर ठेवा, सूर मारताना १/२५०० किंवा त्याहून वेगवान. त्यासाठी आयएसओ (उजेडाबाबत कॅमेऱ्याची संवेदनशीलता) १६०० वर गेला तरी जाऊ द्या. थोडा दाणा परीक्षक माफ करतात, हललेला डोळा करत नाहीत. ‘लेन्स मऊ आहे’, म्हणजे स्पष्ट फोटो देत नाही, म्हणून जे फोटो बाजूला टाकले जातात, त्यातले बरेच १/२५० वर हललेले असतात.

आता वारीचा प्रिंट. स्क्रीनवर लख्ख आणि कागदावर काळा, ही तक्रार प्रत्येक क्लबात ऐकू येते, आणि कारण जवळपास नेहमी एकच असतं. मॉनिटर दुकानातून येतो तेव्हा त्याचा उजेड भरमसाट ठेवलेला असतो. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद मात्र खोलीतला उजेड परत देतो. छपाईसाठी स्क्रीनचा उजेड ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर एवढाच हवा, नवे मॉनिटर सहज २५० च्या वर असतात. अशा स्क्रीनवर तुम्ही फोटो ‘पुरेसा उजळ’ म्हणून सोडता, तेव्हा तो प्रत्यक्षात काळाच असतो. कॅलिब्रेशनचं, म्हणजे स्क्रीनचा उजेड आणि रंग मोजून नीट लावणारं यंत्र क्लबच्या चार-पाच जणांनी मिळून घेता येतं. ते नसेल तर एक कोरा पांढरा कागद स्क्रीनशेजारी धरा, खोलीत नेहमीचा उजेड ठेवा, स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा आणि दोन्ही सारखे पांढरे दिसेपर्यंत मॉनिटरचा ब्राइटनेस उतरवा. आधी स्क्रीन मेलेली वाटेल. दोन दिवसांत डोळा सरावतो. लॅपटॉपचा आपोआप कमीजास्त होणारा ब्राइटनेस आणि रात्रीचा पिवळसर मोडही बंद करा.

मोठा प्रिंट काढण्याआधी चाचणी करा. त्याच फोटोचे चार तुकडे एका ४×६ वर लावा: एक आहे तसा, बाकीचे एक्स्पोजर ०.३, ०.६ आणि ०.९ ने वाढवलेले. लॅबला स्पष्ट सांगा की ऑटो करेक्शन बंद ठेवा, नाहीतर त्यांचं मशीन चारही तुकडे आपल्या मनाने ‘दुरुस्त’ करेल आणि चाचणीला अर्थ उरणार नाही. ते ४×६ दुपारच्या उन्हात बघू नका. परीक्षण हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली होतं, तर तसल्याच उजेडात बघा. कागद चकचकीत ग्लॉसीऐवजी मंद चकाकीचा लस्टर घ्या. ग्लॉसीवर ट्यूबची पांढरी रेघ उमटते आणि परीक्षकाला प्रिंट तिरका धरावा लागतो. पूर्ण मॅटवर काळा रंग राखाडी पडतो, तो धुक्याच्या फोटोला शोभेल, वारीतल्या काळ्यासावळ्या चेहऱ्यांना नाही.

आकाराचा हिशेब एकदा समजून घ्या. १२×१८ इंच प्रिंटला ३०० पीपीआयने (दर इंचाला ३०० पिक्सेल) ५४००×३६०० पिक्सेल लागतात. तुमच्या कॅमेऱ्याचे ६०००×४००० आहेत, म्हणजे चिंता नाही. क्रॉप करून निम्मा फोटो उरला तरी १८ इंचाला साधारण २३५ पीपीआय मिळतात. हातभर अंतरावरून फरक कळत नाही. पण फोटो लॅबला व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने पाठवला, तर लांब बाजू सुमारे १६०० पिक्सेलवर येते आणि १८ इंचाला ९० पीपीआयसुद्धा उरत नाहीत. पेन ड्राइव्ह न्या, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दुसरी गोष्ट, तुमच्या कॅमेऱ्याची चौकट ३:२ आहे. क्लबने १२×१५ मागितलं आणि तुम्ही फाइल तशीच दिली, तर लॅब लांबीतला सहावा भाग कापते. दिंडीतला कडेचा वारकरी अर्धा कापला जातो तो इथे. ज्या आकारात छापायचं त्याच आकारात आधी स्वतः क्रॉप करा.

माउंटिंगबद्दल, म्हणजे प्रिंट पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवण्याबद्दल थोडक्यात. फेविकॉलने प्रिंट चिकटवू नका. त्यातल्या पाण्याने कागद फुगतो आणि पावसाळ्यात तर आठवड्यात लाटा येतात. वरच्या कडेला दोन ठिकाणी टेपचे तुकडे लावून प्रिंट टांगता ठेवा, म्हणजे दमट हवेत कागदाला पसरायला जागा राहते. माउंटची खिडकी प्रिंटपेक्षा प्रत्येक बाजूने ३ मिमी लहान कापा. मागे नाव, शीर्षक, विभाग आणि वरची बाजू दाखवणारा बाण हवा, पण हे लेबलवर आधी लिहून मग चिकटवा. प्रिंटच्या पाठीवर बॉलपेन दाबलं की पुढे अक्षरं उमटतात. समोरच्या बाजूला सही किंवा वॉटरमार्क असेल तर प्रवेशिका बाद होते.

जेजुरीचा पिवळा डाग हे छान शिकण्यासारखं प्रकरण आहे. फोटो लाल, हिरवा आणि निळा अशा तीन चॅनेलचा बनतो, प्रत्येकाचा आकडा ० ते २५५. भंडाऱ्याचा हळदी पिवळा इतका तीव्र असतो की लाल चॅनेल २५५ ला जाऊन टेकतो आणि निळा शून्यावर पडतो. दोन्ही टोकांना पोत संपतो. कॅमेऱ्याच्या मागे जो साधा पांढरा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख दिसतो त्यात हे कळत नाही, कारण तो एकूण उजेड दाखवतो. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू करा आणि लाल उजवीकडे चिकटला की एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप (उजेड मोजण्याचं एकक) उतरवा. रॉमध्येच काढा. घरी एडिट करताना पिवळ्याचं सॅच्युरेशन वाढवण्याचा मोह होतो, तिथे उलट ते १० ते १५ ने कमी करा आणि पिवळ्याचा उजेड थोडा खाली आणा. हवेत उडणारी भंडाऱ्याची पूड, तिचे लोट, खाली बसलेला थर हे सगळं मग वेगवेगळं दिसायला लागतं. (गडावर लेन्स बदलू नका. आणि पूड कपड्याने पुसू नका, काचेवर ओरखडे पडतात. आधी ब्लोअरने उडवा.)

फाइल निर्यात (एक्स्पोर्ट) करताना कलर स्पेस, म्हणजे कोणता आकडा कोणता रंग दाखवतो ते ठरवणारी पद्धत, एसआरजीबी ठेवा. अडोबी आरजीबीमध्ये जतन केलेली फाइल बहुतेक क्लबांच्या प्रोजेक्टरवर मळकट दिसते, कारण दाखवणारं सॉफ्टवेअर प्रोफाइल वाचत नाही. आणि ‘कन्व्हर्ट’ करा, ‘असाइन’ नको. असाइन केलं की आकडे तेच राहून रंग बदलतात.

प्रोजेक्टरच्या स्पर्धांमध्ये कमाल आकार बहुधा १९२०×१०८० असतो. इथे आणखी एक नुकसान लपलेलं आहे. आडवा ३:२ फोटो या चौकटीत १६२०×१०८० होतो आणि उभा ७२०×१०८०. म्हणजे उभ्या फोटोला पडद्यावर आडव्याच्या निम्म्याहूनही कमी जागा मिळते. उभा फोटो पाठवायचाच असेल तर त्यातला विषय मोठा आणि ठळक असू द्या. दूरवर डोंगर आणि खाली इवलासा माणूस अशी उभी रचना प्रिंटसाठी राखून ठेवा. शार्पनिंग आकार लहान केल्यावर करायचं, आधी नाही. प्रोजेक्टरवर सावल्या गच्च होतात, म्हणून प्रिंटसाठी जेवढ्या उजळता त्याहून थोड्या अधिक उजळा. फोटोची कड काळी असेल तर दोन पिक्सेलची राखाडी किनार द्या, नाहीतर पडद्याच्या काळोखात चौकट कुठे संपते तेच कळत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, परीक्षकांना काय आवडतं. सर्वसाधारण पद्धत अशी असते, की तीन परीक्षक, प्रत्येकाचे १ ते ५ गुण, बेरीज १५ पैकी. पहिल्या फेरीत एका फोटोला काही सेकंदच मिळतात. तेवढ्या वेळात डोळा सर्वात उजळ जागेवर जातो, मग माणसाच्या चेहऱ्यावर, मग चौकटीत कुठे अक्षरं असतील तर त्यांच्यावर. ‘गर्दी फार’ याचा अर्थ माणसं फार असा नाही. वारीत माणसं असणारच. डोळा थांबेल अशी एक जागा नव्हती, असा त्याचा अर्थ आहे. तुमचा फोटो स्क्रीनवर काडेपेटीएवढा लहान करून बघा. मुख्य माणूस एवढ्या आकारातही पटकन सापडला पाहिजे. मग फोटो उलटा करा. डोकं खाली पाय वर झालं की गोष्ट विसरली जाते आणि कडेची पांढरी टोपी, निळी प्लॅस्टिकची बाटली, फ्लेक्सवरचा चेहरा टोचायला लागतो. कडेने एक फेरी मारा आणि उजळ ते सगळं क्रॉप करा किंवा उजेड उतरवा.

वारीबद्दल अजून एक सांगतो, कारण तुम्ही पुन्हा जाणारच. आषाढानंतरच्या प्रत्येक स्पर्धेत डोक्यावर तुळस घेतलेली आजी, रिंगणातला धावता अश्व आणि दिवे घाटातली वळणदार रांग येते. ते फोटो वाईट नसतात, पण परीक्षकाच्या मनात त्यांची तुलना त्याने पाहिलेल्या सर्वात चांगल्या तुळशीशी होते आणि तिथे टिकाव लागणं कठीण. विषय सोडू नका. वेळ बदला. मुक्कामाला पालं पडल्यावर एकमेकांचे पाय चेपणारे वारकरी, पहाटेच्या टँकरजवळची अंघोळ, टाळ बाजूला ठेवून चिंध्यांनी चपला बांधणारे हात, हे सगळं शंभर कॅमेऱ्यांसमोर उघडं असतं आणि फार थोडे लेन्स तिकडे वळवतात. तिथे थांबा, माणसांशी बोला, विचारून काढा. अंघोळीच्या जागी विशेषतः.

एक वाईट सवय मात्र मोडा: रंगीत जमला नाही म्हणून कृष्णधवल करायचा. रंग काढल्यावर उरतो तो उजेड आणि आकार. ते आधीच ढिले असतील तर फोटो आणखी मरतो. कृष्णधवल करताना रंगांचे स्लायडर वापरा. जेजुरीत पिवळा वर नेला की भंडारा पांढरा धुरासारखा दिसतो, निळा उतरवला की आभाळ गडद होतं, नारिंगीने त्वचा सांभाळता येते. आणि सगळा फोटो कृष्णधवल ठेवून फक्त कुंकू लाल, असला प्रकार कृष्णधवल विभागात बसत नाही, तो रंगीत धरतात.

फोटो निवडताना तुमच्या आड येते ती त्या दिवसाची आठवण. तुम्हाला आठवतं की त्या फोटोसाठी पहाटे तीनला उठलात. परीक्षकाला ते दिसत नाही. म्हणून महिन्यातले पंधरा-वीस फोटो ४×६ मध्ये छापा, जमिनीवर मांडा आणि तिथे नसलेल्या माणसाला बोलवा. ‘कसा आहे?’ असं विचारू नका, ‘छान’ याशिवाय उत्तर येत नाही. ‘आधी कुठे बघितलंस?’ एवढंच विचारा. तिघांची बोटं तीन ठिकाणी गेली तर तो फोटो मागे ठेवा. चार प्रवेशिकांची मुभा असेल तर एकाच खंड्याचे चार कोन पाठवू नका, ते एकमेकांचे गुण खातात. एकदा बक्षीस मिळालेला फोटो पुन्हा देता येत नाही, आणि त्याच क्षणाची शेजारची फ्रेमही बहुतेक क्लब तोच फोटो मानतात. शीर्षक साधं ठेवा. ‘मुक्काम’ पुरे. ‘जीवनाचा अखंड प्रवास’ मोठ्याने वाचला गेला की फोटोवरचं अर्धं लक्ष शीर्षकाकडे जातं.

परीक्षकांचे शेरे वहीत लिहा. एकाचा शेरा ही एका डोळ्याची आवड असू शकते, तोच शेरा तीन वेगळ्या परीक्षकांकडून आला तर तो दोष आहे असं धरा.

मोठी लेन्स कधी घ्यायची तेही सांगतो. ७०-३०० ने काढलेला, नीट फोकस झालेला, न हललेला फोटो तुमच्याकडे असेल आणि केवळ पक्षी लहान पडला म्हणून तो मागे पडत असेल, हे तीन-चार महिने सलग घडलं, तर लेन्सचा विचार करा. तोवर भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला जाल तर होडीतून ३०० मिमीही बरंच काम देते, पक्ष्यांना उडायला लावणाऱ्या नावाड्याला मात्र थांबवा. लेन्सच्या पैशांतला छोटा भाग चाचणी प्रिंट, माउंट बोर्ड आणि कॅलिब्रेशनवर खर्च करा.

आणि क्लबच्या सचिवांना भेटून पुढच्या परीक्षणाला प्रिंट लावायला किंवा गुण टिपून घ्यायला मदत मागा. ज्या महिन्यात तुमची प्रवेशिका नाही असा महिना निवडा, म्हणजे कोणाला शंका येणार नाही. शंभर-दीडशे प्रिंट एकामागून एक समोरून जाताना कोणत्या फोटोवर तिन्ही माणसं पुढे वाकतात आणि कोणत्यावर पेन लगेच टेकतं, ते तिथेच दिसतं. परीक्षण चालू असताना एक शब्द बोलायचा नाही आणि ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही, एवढं पाळा. मदतीला माणूस कोणत्याही क्लबला हवाच असतो.